चुलाणाचं काय केलं?

२८ ऑक्टोबर २०२५, मंगळवार. सोनई.

सकाळी नितीन आला. बेलापूरचा मुलगा, पुण्यात संगणक शिकून तिथेच कंपनी काढलेला, तिशीच्या आसपासचा. चहाला नको म्हणतो, बिस्किटाला नको म्हणतो आणि बोलताना समोरच्या माणसाऐवजी लॅपटॉपकडे बघतो. मला असे लोक आवडत नाहीत. पण संपादकांचा काल फोन होता: आपलं दैनिक या उपक्रमात सहभागी आहे, भाषेचं काम तुम्ही करायचं. "तुम्ही"वर जोर होता, म्हणजे नाही म्हणायची सोय नव्हती.

उपक्रम असा. हवामानाची जी उद्दिष्टं मोठ्या कंपन्या जाहीर करून बसल्या आहेत, ती त्यांना माल पुरवणाऱ्या लहान उद्योगांनी पाळावीत म्हणून मोबाईलवर एक व्यासपीठ. नाव 'हरितमान'. पहिला प्रयोग आमच्या भागातल्या नऊ गुऱ्हाळांवर. पुण्याची एक खाद्यपदार्थांची कंपनी या नऊ जणांचा गूळ घेते. तिनं अट घातली आहे: यंदा चुलाणातला जाळ चौथ्या हिश्शानं कमी करा आणि रोज हरितमानवर सांगा. हिरव्यात राहाल तर गूळ घेऊ, लाल झालात तर थांबवू.

गुऱ्हाळवाल्यांनी टाईप करायचं नाही, फोनशी बोलायचं. यंत्र रोज संध्याकाळी एक प्रश्न विचारणार, माणूस एका वाक्यात उत्तर देणार, आणि त्या वाक्यातल्या क्रियापदावरून यंत्र ठरवणार की जाळ वाढला, घटला की तेवढाच राहिला. क्रियापदांची यादी मी करायची.

"वजनकाटा का नाही लावत? किती जळण गेलं ते सरळ कळेल," मी विचारलं.

"ते पुढच्या व्हर्जनमध्ये, मॅडम."

त्याच्या कागदावरचा प्रश्न होता, 'आजचा दैनिक इंधनव्यय नमूद करा.' आजचा आणि दैनिक यातली द्विरुक्ती मी दाखवून दिली. तो "ओके" म्हणाला. संस्कृत घेऊन एम.ए. केलं त्याचा इतका रोकडा उपयोग गेल्या सत्तावीस वर्षांत झाला नव्हता.

१ नोव्हेंबर, शनिवार

शनिवार, त्यामुळे शिंगणापूरच्या रस्त्यावर गाड्यांची रांग. बातमीसाठी बाहेर पडणं व्यर्थ. घरी बसून यादी पुरी केली. चारशे बारा क्रियापदं. वाढणे, वाढवणे, चढवणे, भडकवणे ही लाल रकान्यात. घटवणे, उतरवणे, विझवणे, मंदावणे ही हिरव्यात. धातू, प्रयोजक रूपं, भूतकाळ, सगळं क्रमवार. असं नीटनेटकं काम या जिल्ह्यात दुसरं कोणी केलं नसतं, हे इथे लिहायला हरकत नाही. ही वही कोणी वाचत नाही.

प्रश्नही बदलला. आता यंत्र विचारेल, 'आज चुलाणाचं काय केलं?' चुलाण म्हणजे उसाचा रस आटवायच्या काहिलीखालची मोठी भट्टी, हे नितीनला सांगावं लागलं. प्रश्न त्याला आवडला. मग म्हणाला, "मॅडम, एखाद्या गुऱ्हाळावर जाऊन यादी तपासून घ्यायची का? लोक काय शब्द वापरतात ते."

मी म्हणाले, "माझा जन्म सोनईचा. मराठी तपासायला मला गुऱ्हाळावर जावं लागत नाही."

तो "ओके" म्हणाला. या मुलाला दुसरा शब्द येत नसावा.

५ नोव्हेंबर, बुधवार

मंगल कार्यालयात शुभारंभ. मंचामागे फलक: 'शून्य उत्सर्जनाकडे वाटचाल'. उत्सर्जन हा शब्द माझा नाही, कंपनीचा. नितीन बोलायला उभा राहिला तसे मागच्या रांगेतून कानिफनाथ उठले. नऊ जणांतलं सगळ्यात मोठं गुऱ्हाळ यांचं, आवाजही तितकाच.

"साहेब, आमचं उत्सर्जन रोज सकाळी होतं. ते शून्य झालं तर आमाला दवाखान्यात न्यावं लागंल."

पाच मिनिटं नुसता हशा. काव्यशास्त्रात अश्लीलतेचे तीन प्रकार सांगतात: लाज आणणारं, किळस आणणारं आणि अमंगल सुचवणारं. कंपनीच्या फलकानं दुसरा प्रकार साधला होता. मी हळूच नितीनला म्हटलं, "धूर म्हणा." त्याला ते पटलं नाही, पण पुढे धूरच म्हणाला. व्यासपीठाचं नाव मात्र लोकांनी तिथल्या तिथे बदललं. आता सगळे त्याला धुराचं ॲप म्हणतात.

पुढच्या रांगेत एकच बाई होती, गयाबाई. नवऱ्यामागे चार वर्षं गुऱ्हाळ एकटी चालवते. तिनं बसूनच विचारलं, "आन् फोनशी खोटं बोललं तर ह्याला कळंल का?"

नितीन म्हणाला, "सिस्टीम वापरकर्त्यावर विश्वास ठेवते."

"मंग कानिफनाथाचं भलं झालं," गयाबाई म्हणाल्या. कानिफनाथ हसले नाहीत.

बातमी पाठवली: 'मान्यवरांच्या हस्ते श्रीफळ वाढवून हरितमानचा शुभारंभ'. हे वाक्य मला फोनकडे न बघता लिहिता येतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी गयाबाईंच्या गुऱ्हाळावर. संपादकांना 'बदलत्या गुऱ्हाळांची' मालिका हवी आहे.

स्वागत असं: "चप्पल तिकडं काढा. फोटू काढायचा न्हाई."

"गुळाला नजर लागते म्हणून?"

"न्हाई. मला तुमचा पेपर आवडत न्हाई म्हनून."

कारण विचारलं. नवरा गेला तेव्हा आमच्या दैनिकानं त्याच्या नावात चूक केली होती. माणसाचं नाव श्रीमंत. आम्ही छापलं 'श्री. मंत'. दहाव्याला आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, हे मंत कोण. मी म्हटलं, ही चूक कार्यालयातली, माझी नव्हे. त्या म्हणाल्या, "तुमच्यात कुनाचीच नसती."

चुलाण नवं बांधलंय. तोंड अरुंद, मागे उंच धुरांडं, आत विटांचा आडवा कठडा. त्यांचा जळव्या, म्हणजे चुलाणात जळण म्हणून रस काढलेल्या उसाचं चिपाड घालणारा माणूस, बिभीषण. आष्टीकडचा, बायको, भाऊ, भावजय असं अख्खं घर घेऊन हंगामाला येतो. तो म्हणाला, "औंदा निम्मंबी चिपाड लागंना. मी दिसभर हाय का न्हाई कुनाला कळंना." असं सगळेच गुऱ्हाळवाले सांगतात. मी मान हलवली आणि लिहून घेतलं नाही.

गयाबाईंना अक्षरओळख जेमतेम. ज्याला बोलायचं नाही त्याच्यासाठी ॲपवर हिरवं-लाल बटणही आहे, पण बटणं दाबण्यापेक्षा बोलणं बरं म्हणाल्या. इतर आठ जण नुसतं हिरवं बटण दाबतात किंवा भाच्याला दाबायला सांगतात, असं कळलं. म्हणजे माझ्या चारशे बारा क्रियापदांचा मनापासून वापर करणारी बाई एकच, आणि तिलाच मी आवडत नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

पहिली यादी आली. आठ हिरवी, एक लाल. लाल गयाबाई.

नितीननं लॅपटॉपवर आवाज ऐकवले. गयाबाई रोज एकच सांगतात, एखाद्या खात्यात हजेरी द्यावी तशा: "चुलाण वाढवलं." कधी, "आज उशिरानं वाढवलं, पाव्हनी आल्ती." एकदा, "दुपारीच वाढवलं, ऊस आला न्हाई." ऊस आला नाही म्हणून जाळ वाढवणारी बाई मी पहिल्यांदाच ऐकली. पण एक मान्य केलं पाहिजे: गुन्हा कबूल करताना तिचा आवाज जराही कापत नाही.

कानिफनाथांनी फक्त एकदा बोलून पाहिलं आहे: "कमी केला. लई कमी केला." बाकी रोज हिरवं बटण. या हिशोबानं त्यांच्या काहिलीत आता बर्फ तयार व्हायला हवा.

"तुम्हाला काही विचित्र वाटत नाही?" मी नितीनला विचारलं.

"डेटा डेटा असतो, मॅडम."

बातमी केली. नाव घालू की नको यावर जरा घुटमळले. पण यादी जाहीर आहे आणि मला कोणाची भीड नाही. घातलं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आज छापून आली. 'आठ गुऱ्हाळे हिरवी, एकीचा धूर वाढताच'. शीर्षक कार्यालयाचं, पण मलाही आवडलं.

साडेआठला गयाबाईंचा फोन.

"तुमी माझं नाव पेपरात घातलं."

"यादीत आहे ते घातलं, गयाबाई."

"मी धूर वाढिवला म्हनून."

"तुम्हीच तसं सांगितलंय. रोज. तुमचा आवाज मी स्वतः ऐकला."

 मग, "माझा आवाज," म्हणाल्या, आणि फोन ठेवला. उघडं पडल्यावर माणसं असाच फोन ठेवतात.

४ डिसेंबर, गुरुवार

गेले होते. खरं तर त्यांनीच बोलावलं, म्हणजे बिभीषणकरवी निरोप: बाईला म्हनावं, डोळं घेऊन ये.

गुऱ्हाळामागे चिपाडाची गंजी होती. घराएवढी. मागच्या वर्षी या दिवसांत ती गुडघ्याएवढी होती म्हणे.

"बघा," गयाबाई म्हणाल्या.

"बघितली."

"काय दिसलं?"

मी खरं तेच सांगितलं. जळणाचा एवढा साठा करून ठेवलाय म्हणजे पुढेही जाळ वाढवायचाच बेत दिसतो.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला शाळेतल्या इन्स्पेक्शनची आठवण झाली. मग बिभीषणकडे वळून, मी तिथे नसल्यासारखं, म्हणाल्या, "ही लई शिकल्याली हाय. हिला चहा नको देऊ."

खरंच दिला नाही. या भागात इतक्या वर्षांत चहाविना परत येण्याची ही माझी पहिली वेळ. येताना रागानं स्कूटर चुकीच्या फाट्याला वळवली.

१० डिसेंबर, बुधवार

सकाळी कानिफनाथांच्या गुऱ्हाळावरून गेले. धुरांड्यातून निघत होता तो धूर नव्हता, डांबर होतं. जळक्या रबराचा वास अंगावरच्या साडीला संध्याकाळपर्यंत होता. कुंपणापाशी जुन्या टायरांचा ढीग, वर ताडपत्री, आणि ताडपत्री पुरेशी नाही.

थांबून विचारलं. कानिफनाथ म्हणाले, "बाई, आमी हिरव्यात हाओत. तुमीच छापलंय."

नितीनला फोन केला. तो म्हणाला, व्यासपीठाला वास येत नाही. विनोद नव्हता तो. तो विनोद करत नाही. संपादकांना विचारलं, टायरची बातमी करू का. ते म्हणाले, ज्या यादीत आपण सहभागी आहोत तिच्याविरुद्ध पंधरा दिवसांत बातमी कशी करणार.

१८ डिसेंबर, गुरुवार

कंपनीचं पत्र निघालं. गयाबाईंचा गूळ एक जानेवारीपासून बंद.

याचा अर्थ काय ते मला समजतं. त्यांचा गूळ पावडर न घातलेला, म्हणून रंगानं काळपट. उघड्या बाजारात पिवळ्या गुळाशेजारी त्याला कोणी हात लावत नाही. कंपनी सोडली की गुऱ्हाळ जानेवारीत बंद, आणि बिभीषणचं घर भर हंगामात परत आष्टीला, जिथे तोवर ऊसतोडीच्या टोळ्या कधीच भरून गेलेल्या असतात.

नियम नियम आहे. वाईट वाटतंय, पण वाईट वाटण्यानं आकडे बदलत नाहीत. हे वाक्य नितीनचं वाटतंय. त्याच्यासारखं बोलायला लागले की काय मी.

२२ डिसेंबर, सोमवार

आजचं क्रमानं लिहिते.

बेलापूरला एका पतसंस्थेच्या नव्या शाखेचं उद्घाटन. नेहमीची बातमी पाठवली. दुपारी कार्यालयातून मोनिकाचा फोन. ती नवी उपसंपादक, चोवीस वर्षांची, मुंबईत वाढलेली, शंका विचारायला न लाजणारी.

"मॅडम, श्रीफळ वाढवून म्हणजे? नारळ मोठा केला?"

मी हसले. म्हटलं, "अगं, फोडला. नारळ फोडला असं शुभप्रसंगी म्हणत नाहीत. म्हणून उलट म्हणायचं, वाढवला. दुकान बंद केलं म्हणत नाहीत, वाढवलं. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली. दिवा विझवला म्हणत नाहीत..."

इथे माझं वाक्य थांबलं. मोनिका दोनदा "हॅलो" म्हणाली.

चुलाण वाढवलं.

उशिरानं वाढवलं, पाहुणी आली होती. दुपारीच वाढवलं, ऊस आला नाही. ती बाई रोज काम संपल्यावर, आग शांत केल्यावर, मी घरगुती करून दिलेल्या प्रश्नाचं घरगुती उत्तर देत होती. आज चुलाणाचं काय केलं? केलं काय, विझवलं. पण ज्या आगीवर घर चालतं तिच्यासमोर विझवलं हा शब्द काढायचा नाही.

अश्लीलतेचा तिसरा प्रकार, अमंगल. शुभारंभाच्या दिवशी मी तिन्ही मोजले होते. आणि नारळ वाढवला हे मी माझ्या हातानं किमान हजार वेळा लिहिलं असेल.

आणि ती गंजी. न जळलेलं चिपाड. ते मी डोळ्यांनी बघितलं आणि साठा म्हणाले.

२३ डिसेंबर, मंगळवार

नितीनला भेटायला बेलापूरला त्याच्या घरी गेले. सगळं सांगितलं. त्याच्या आईनं चहा केला, तो त्यानं माझ्याकडे सरकवला.

"म्हणजे तुमची यादी चुकली," तो म्हणाला.

"हो."

"मी तपासून घेऊ म्हटलं होतं."

"हो."

मला वाटलं होतं तो खूश होईल. झाला नाही. लॅपटॉप उघडून म्हणाला, वाढवणे हा शब्द हिरव्यात टाकता येणार नाही. उद्या कोणी खरंच जाळ वाढवला म्हटलं तर तोही हिरवा होईल. जुन्या नोंदी कुलूपबंद आहेत. कंपनीनं निर्णय घेतलाय. "तुम्ही त्यांना फक्त एक सांगा. यापुढे विझवलं म्हणा. आठ दिवस जरी म्हणाल्या तरी ग्राफ खाली येईल, मी कंपनीला दाखवतो."

"आणि तू स्वतः का सांगत नाहीस?"

"मला त्या हाकलून देतील."

हे मात्र खरं आहे.

२५ डिसेंबर, गुरुवार

गयाबाई उभ्या, मी उभी. बसा म्हणाल्या नाहीत. मी न अडखळता सांगितलं: चूक माझी आहे, शब्द मला कळला नाही, यंत्राला मी तो उलटा शिकवला.

त्यांना आश्चर्य वाटलं नाही. "मला त्या दिशीच कळलं," म्हणाल्या. "तुमी फोनवर म्हनल्या ना, माझा आवाज ऐकला. तवाच कळलं, हिला मराठी येत न्हाई."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमाला डोळं घिऊन बोलिवलं हुतं."

मी नितीनचा निरोप दिला. फक्त आठ दिवस. फोनशीच बोलायचंय, माणसाशी नाही. एक शब्द.

"न्हाई."

"गयाबाई, गुऱ्हाळ बंद पडेल."

"श्रीमंत गेलं तवा हे चुलाण अकरा दिस थंड हुतं. त्या टायमाला कुनी इच्यारलं तरी मी तो शब्द काढला न्हाई. आता तुमच्या फोनसाठी काढू?" मग जरा खालच्या आवाजात, पण मायेनं मुळीच नाही: "चूक तुमची. तोंड माझं का बदलायचं?"

बिभीषण चुलाणापाशी बसून ऐकत होता. म्हणाला, "आवो, मी म्हनतो की फोनवर. मला काय, मी परगावचा."

"तू गप. तूबी हितंच जेवतो."

  कंपनीच्या खरेदी विभागातल्या दिशा मॅडमना सरळ फोन लावला आणि म्हटलं, नोंदी सोडा, एकदा संध्याकाळी येऊन बघा. बातमीदाराच्या आवाजात बोलले. तो आवाज कधीकधी उपयोगी पडतो.

३० डिसेंबर, मंगळवार

दिशा मॅडम आल्या. पस्तिशीच्या, पायात बूट, चेहऱ्यावर 'सहा वाजता मला निघायचंय'. बरोबर नितीन. गयाबाईंनी तिघांनाही चप्पल-बूट काढायला लावले.

साडेपाचला शेवटची काहील उतरली. दिशा मॅडम म्हणाल्या, "तुम्ही रोज करता तसंच करा."

गयाबाईंनी फोन तोंडासमोर धरला. फोननं माझ्याच शब्दांत विचारलं, आज चुलाणाचं काय केलं? त्यांनी आधी चुलाणाला हात जोडले, बिभीषणला मान हलवून खूण केली, मग म्हणाल्या, "चुलाण वाढवलं."

बिभीषणनं तोंडाजवळचं चिपाड मागे ओढलं आणि पत्रा लावला. आतला आवाज आधी बसला. मग फटीतला उजेड पिवळ्याचा तांबडा झाला, तांबड्याचा राखाडी. त्याच वेळी नितीनच्या हातातल्या लॅपटॉपवर गयाबाईंच्या नावापुढची लाल पट्टी एक बोट वर चढली. घंटा वाजून खाली अक्षरं उमटली: 'आपला जाळ वाढला आहे. कृपया काळजी घ्या.'

दिशा मॅडमनी चुलाणाकडे बघितलं, पट्टीकडे बघितलं. पुन्हा चुलाणाकडे.

"असं किती दिवस चाललंय?"

"पहिल्या दिशीपासनं," गयाबाई म्हणाल्या.

"तुम्ही कंपनीला का नाही कळवलं?"

"तुमचा नंबर कुठंय माझ्याकडं? तुमी फोन दिला, तो नुसता इच्यारतो. ऐकत न्हाई."

दिशा मॅडम मग बूट न घालता मागे गेल्या, गंजीभोवती एक फेरी मारली आणि बिभीषणला विचारलं की किती ऊस गाळला आणि चिपाड किती उरलं. त्यानं बोटांवर सांगितलं. त्यांनी कागदावर लिहिलं. सहा वाजून गेले तरी निघाल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, नऊ जणांत चौथ्या हिश्शापेक्षा जास्त जाळ खरोखर कमी झालेलं बहुतेक हे एकच गुऱ्हाळ. गूळ चालू राहील. तसं कागदावर लिहून, सही करून गयाबाईंच्या हातात दिलं.

मी म्हटलं, आता कानिफनाथांच्या गुऱ्हाळावरही जाऊ, दोन किलोमीटर आहे. त्या म्हणाल्या, "ते तर हिरवे आहेत ना?" आणि गाडीत बसल्या.

नितीन जाताना लॅपटॉप बंद करत म्हणाला, त्यानं सोय केली आहे. यंत्रात गयाबाईंच्या नावापुढे 'अपवाद' अशी खूण. म्हणजे आता हरितमानवर वाढवणे याचा अर्थ वाढवणे, आणि एकट्या गयाबाईंच्या फोनवर कमी करणे. शब्दकोशात कोणा एका बाईसाठी वेगळा अर्थ दिलेला मी अजून पाहिलेला नाही. मला हे चूक वाटलं, पण चूक काढण्याच्या अवस्थेत मी नव्हते.

गयाबाईंनी कागद पदरात बांधला. मी म्हटलं, "बरं झालं."

"तुमच्या पेपरात माझं नाव अजून तसंच हाय," त्या म्हणाल्या.

३ जानेवारी २०२६, शनिवार

कार्यालयानं खुलाशाला होकार दिला. चार ओळी, आतल्या पानावर. मी रात्रीच लिहून ठेवला होता: 'तांत्रिक व भाषिक कारणांमुळे सदर गुऱ्हाळासंबंधी अनवधानाने विपर्यस्त माहिती प्रसिद्ध झाली.' पाठवण्याआधी गयाबाईंना ऐकवावा म्हणून सकाळी गेले. चप्पल न सांगता काढली.

त्यांनी ऐकून घेतला. "अनवधान कोन?" म्हणाल्या.

"म्हणजे लक्ष नसताना."

"कुनाचं?"

मी पेन उघडलं.

"खोडा. मी सांगते, तुमी लिवा."

चुलाणाशेजारच्या ओट्यावर वही ठेवून लिहिलं. त्या सांगत होत्या, बिभीषण आणि त्याची बायको हातातलं काम थांबवून ऐकत होते. दोन ठिकाणी मी व्याकरण सुधारलं, ते त्यांनी पुन्हा बिघडवून घेतलं. मोनिकाला जसाच्या तसा पाठवणार आहे, काना-मात्रा बदलू नको म्हणून बजावून:

'गयाबाईच्या चुलाणाचा जाळ औंदा कमी झाला. वाढला असं पेपरात आलं ते खोटं. बाईला शब्द कळला न्हाई. बाई म्हंजी गयाबाई न्हाई. बातमी लिवनारी.'

"वाचा," त्या म्हणाल्या. वाचलं.

"मोठ्यानं. ह्या लोकांनी पयली बातमीबी मोठ्यानं वाचलेली ऐकल्याली हाय."

मोठ्यानं वाचलं. बिभीषणची बायको तोंडाला पदर लावून हसली. गयाबाई हसल्या नाहीत. वही माझ्या हातातून घेऊन शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. अक्षर लागत नसलं तरी जागा बरोबर होती.

"हितं माझं नाव दोनदा हाय," म्हणाल्या. "लिवनारीचं कुठंय?"

घातलं.